वर्तनवाद: वर्गात आणि पडवीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सिंधुदुर्गातल्या एका किनाऱ्यालगतच्या गावात अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. वर्तनवादाचं प्रकरण सुरू झालं की वर्गात ठरलेले प्रश्न येतात. ‘बाई मानसशास्त्र शिकवतात’ हे गावभर झाल्यापासून पालकांचे प्रश्न पडवीपर्यंत येतात. त्यातलं एक वाक्य जवळजवळ रोज ऐकते: ‘तो मुळातच तसा आहे.’ मुळातच हट्टी, मुळातच मठ्ठ, मुळातच भित्रा. या ‘मुळातच’शी माझं जुनं भांडण आहे, आणि त्या भांडणात वर्तनवादाने मला खूप साथ दिली. म्हणून ही उत्तरं एका जागी लिहून काढली.

वर्तनवाद म्हणजे नेमकं काय?

माणूस किंवा प्राणी काय करतो, कधी करतो, आणि केल्यावर त्याला काय मिळतं किंवा त्याचं काय टळतं, हे बघून वागण्याचा उलगडा करणारा मानसशास्त्रातला विचार. ‘त्याचं वर्तन चांगलं नाही’ म्हणताना आपण चालचलनाबद्दल बोलतो, तो अर्थ इथे नाही. इथे शिंकणं, पळणं, बोलणं, गप्प बसणं सगळंच वर्तन.

त्याआधी मानसशास्त्रात अंतर्निरीक्षणाला मान होता. शिकवून तयार केलेल्या माणसाने स्वतःच्या मनात डोकावायचं आणि काय दिसलं ते सांगायचं. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर खरं कोणाचं, हे तपासायची सोयच नव्हती. १९१३ साली जॉन ब्रॉडस वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एका लेखात सरळ सांगून टाकलं की मानसशास्त्राला विज्ञान व्हायचं असेल तर चारचौघांना दिसेल अशा वर्तनाचा अभ्यास करा, ते कधी घडेल हे सांगता आलं पाहिजे आणि बदलताही आलं पाहिजे. वर्तनवादाची सुरुवात या लेखापासून मानतात.

मग पुस्तकात आधी पावलॉव्हचे कुत्रे का येतात?

कारण वॉटसनच्या हातातलं हत्यार पावलॉव्हकडून आलं. इव्हान पावलॉव्ह रशियन शरीरशास्त्रज्ञ. १९०४ चं नोबेल त्याला मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी, कुत्र्यांना शिकवण्यासाठी नव्हे. कुत्र्याची लाळ थेंबाथेंबाने मोजताना त्याच्या लक्षात आलं की अन्न तोंडात पडायच्या आधीच लाळ सुटते, खाणं आणणारा माणूस नुसता दिसला तरी. दुसऱ्या एखाद्याने ही प्रयोगातली कटकट म्हणून सोडून दिली असती. पावलॉव्हने उरलेलं आयुष्य तिच्यामागे घालवलं.

तो स्वतःला मानसशास्त्रज्ञ म्हणवत नसे. आणि आधी घंटा, मग अन्न, शेवटी नुसत्या घंटेलाच लाळ, हे चित्र सगळ्या पुस्तकांत असलं तरी त्याच्या प्रयोगशाळेत ठोके देणारं तालयंत्र, गुणगुणणारी विजेची यंत्रं, दिवे अशा कितीतरी गोष्टी वापरल्या जायच्या.

घंटा, लाळ, कुत्रा सगळं पाठ आहे, पण डोक्यात शिरत नाही. इकडचं उदाहरण द्याल?

आमच्या मांजरीचं देते. सकाळी नऊच्या सुमारास मासेवाला दुचाकीवर मागे पेटी बांधून येतो आणि रबरी भोंगा दाबतो. मांजर घरात नवीन आली तेव्हा त्या आवाजाचं तिला काही नव्हतं, चुलीजवळच्या उबेत पडून असायची. मी बांगडे घेऊन मागच्या दारी साफ करायला बसले की डोकी तिच्यापुढे पडायची. दोनेक आठवड्यांनी मी बघितलं, भोंगा अजून वळणापलीकडे आहे, मासा नाही, वास नाही, आणि हिने जिभेने ओठ चाटायला सुरुवात केली. मासा हा मुळातला, म्हणजे अनभिसंधित उद्दीपक. भोंगा हा शिकलेला, म्हणजे अभिसंधित उद्दीपक. ज्याला काही अर्थ नव्हता त्या आवाजाला माशाच्या संगतीने अर्थ आला. याला अभिजात अभिसंधान म्हणतात.

पुढचं तर पुस्तकात छापावं असं आहे. पाववाल्याचा भोंगाही जवळपास तसाच. पहिले काही दिवस ती पाववाल्यालाही उठायची. हे सामान्यीकरण. मग पाववाल्याला नुसता एक कान फिरवायची आणि परत झोपायची. हे भेदबोधन. जूनमध्ये मासेमारीची बंदी लागली. मासेवाला येत राहिला, पण पेटीत सुके बांगडे आणि सुकट. मांजरीच्या वाट्याला काही नाही. भोंगा वाजतोय आणि मासा येत नाही असे दिवस गेले तसं तिचं उठणं कमी होत थांबलं. हे विलोपन. मधे आठवडाभर पावसाने मासेवाला फिरकलाच नाही. त्यानंतर पहिल्यांदा भोंगा वाजला आणि ती ताडकन उठली, जणू मधे काही झालंच नव्हतं. पावलॉव्हला हेही कुत्र्यांत दिसलं होतं, त्याला उत्स्फूर्त पुनःप्राप्ती म्हणतात. विलोपनात शिकलेलं पुसलं जात नाही, त्यावर नवं शिकणं चढतं. म्हणूनच बंदी उठून ताजे मासे आल्यावर जुनी सवय परत लागायला तिला दोनच दिवस लागले.

एक बारकावा मात्र ध्यानात ठेवा. ओठ चाटणं, लाळ सुटणं हे पावलॉव्हच्या खात्यातलं. उठून मागच्या दारी जाऊन बसणं हे वेगळं आहे, कारण ते केल्यामुळे तिला काहीतरी मिळतं. ते स्किनर या दुसऱ्या वर्तनवाद्याच्या खात्यात जातं, तो पुढे येतोच. खऱ्या आयुष्यात दोन्ही एकमेकांत मिसळलेलीच असतात, पेपरात तेवढी वेगळी लिहायची.

थॉर्नडाइकवर प्रश्न येतो का?

येतो, आणि यायलाच हवा. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ च्या आपल्या प्रबंधासाठी भुकेल्या मांजरींना लाकडी पेट्यांत कोंडलं. दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडायचं आणि बाहेर मासा. मांजर ओरबाडायची, चावायची, धडपडायची, आणि त्या गडबडीत कधीतरी खटका दाबला जायचा. पुन्हा कोंडलं की वेळ थोडा कमी, मग आणखी थोडा. मांजरीला एकदम ‘कळलं’ असं दिसत नव्हतं. उपयोगी धडपड हळूहळू टिकली, बाकीची गळून गेली. ज्याचा परिणाम सुखाचा, ते वागणं पक्कं होतं. हाच परिणामाचा नियम. सुरुवातीला तो म्हणायचा की त्रासदायक परिणामाने वागणं तितकंच कच्चं होतं. १९३० च्या दशकात स्वतःचे प्रयोग पाहून त्याने हा दुसरा भाग जवळजवळ मागे घेतला: बक्षिसाइतकं बळ शिक्षेत नाही. आपलंच म्हणणं जाहीरपणे दुरुस्त करणारा माणूस म्हणून मला तो आवडतो.

लहानग्या अल्बर्टचं काय झालं होतं?

हा प्रश्न आला की वर्ग शांत होतो.

वॉटसन आणि त्याची सहकारी रोझली रेनर यांनी १९२० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अल्बर्ट हे बाळाला दिलेलं नाव. नऊ महिन्यांचा असताना त्याला पांढरा उंदीर, ससा, कुत्रा दाखवला तेव्हा तो घाबरला नाही. अकरा महिन्यांचा झाल्यावर तो उंदराला हात लावायला गेला की त्याच्या डोक्यामागे लोखंडी कांबीवर हातोडी मारायची, असं सुरू केलं. मोजक्या वेळा झाल्यावर नुसता उंदीर दिसला तरी बाळ रडू लागलं आणि रांगत दूर जायला लागलं. पुढे ससा, कुत्रा, केसाळ कोट यांच्याशीही ते बिथरलं.

ती भीती काढून टाकण्याआधीच बाळ रुग्णालयातून गेलं, आणि ते जाणार हे प्रयोग करणाऱ्यांना माहीत होतं. मला यातलं हेच सगळ्यात जास्त खुपतं. आज असा प्रयोग करायला कुठलीही संस्था परवानगी देणार नाही. बाळ खरं कोण होतं यावर संशोधकांत अजून एकमत नाही. एका बाळावरचा प्रयोग, भीती मोजायला ठरलेलं माप नाही, त्यामुळे विज्ञान म्हणूनही तो कच्चाच. तरी एक गोष्ट त्यातून पुढे आली ती नाकारता येत नाही: भीती शिकवली जाऊ शकते. आणि शिकवलेली असेल तर ती घालवताही येईल का, हा प्रश्न लगेच उभा राहिला.

वॉटसनचं पुढे काय झालं?

रोझली रेनरबरोबरच्या संबंधांवरून त्याला त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सोडावं लागलं. दोघांनी लग्न केलं आणि तो न्यूयॉर्कमध्ये जाहिरातीच्या धंद्यात शिरला. १९२८ मध्ये त्याने बालसंगोपनावर पुस्तक लिहिलं, त्यात मुलांना कवटाळू नका, त्यांचे लाड करू नका, सकाळी हात मिळवा, असा सल्ला होता. तो सल्ला चुकीचा होता, मी पालकांना हे स्पष्ट सांगते. निरोगी बाळं माझ्या हातात द्या, मी म्हणाल ते बनवून दाखवतो, हे त्याचं वाक्य सगळे सांगतात. लगेच पुढे आपण पुराव्यापलीकडे बोलतोय हे त्यानेच कबूल केलं होतं, ते मात्र कोणी सांगत नाही.

मग भीती खरंच घालवता येते?

येते. मेरी कव्हर जोन्सने १९२४ साली ते दाखवलं आणि तिचं नाव वॉटसनइतकंच घेतलं गेलं पाहिजे. पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाला सशाची भीती होती. तो आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यात, लांब ठेवायचा. दुसऱ्या वेळी थोडा जवळ. मूल शांत आहे तेवढंच अंतर कमी करायचं. शेवटी पीटर सशाला हाताने गोंजारू लागला. पुढे जोसेफ वोल्पीने १९५० च्या दशकात याच धाग्यावर पायरीपायरीने भीती कमी करण्याची उपचारपद्धत बसवली.

आपल्याकडे समुद्राला भिणाऱ्या पोराला हसत-ओरडत उचलून लाटेत नेतात. ‘एकदा भिजला की भीती जाते.’ कधी जाते, बऱ्याचदा दुप्पट होते. माझ्या भावाचा मुलगा मुंबईहून आला तेव्हा लाटेच्या आवाजालाच रडायचा. आम्ही पहिल्या दिवशी सुरूच्या झाडांपाशीच बसलो, डब्यातले आंबोळीचे तुकडे खात. पाण्याचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी कोरड्या वाळूत, तिसऱ्या दिवशी ओल्या वाळूत खेकड्यांची बिळं शोधत. पाचव्या दिवशी ओसरणारी लाट त्याच्या घोट्यांना लागली आणि तो खाली वाकून पायाखालची वाळू सरकताना बघत राहिला. रडायचं त्याला सुचलंच नाही.

स्किनरने वेगळं काय सांगितलं?

पावलॉव्हच्या कुत्र्याला काही करावं लागत नाही, लाळ आपोआप सुटते. बी. एफ. स्किनर (१९०४ ते १९९०) म्हणाला, प्राण्याचं बहुतेक वागणं असं ओढून काढलेलं नसतं. तो आपणहून काहीतरी करतो आणि त्याच्या परिणामावरून पुढचं ठरतं. हे साधक अभिसंधान. ज्या परिणामामुळे वागणं वाढतं त्याला प्रबलन म्हणायचं. थॉर्नडाइकचं बीज, पण स्किनरने त्याचं पूर्ण शास्त्र केलं.

त्याचा माझा सगळ्यात आवडता शोध म्हणजे टप्प्याटप्प्याने आकार देणं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने कबुतरांना चोच मारून बॉम्बला दिशा द्यायला शिकवलं होतं. लष्कराने ते कधी वापरलं नाही. त्याच दिवसांत १९४३ मध्ये, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर, त्याने आणि सहकाऱ्यांनी कबुतराला चोचीने चेंडू ढकलायला शिकवायचं ठरवलं. कबूतर आपणहून चेंडू ढकलेल याची वाट बघत बसले, ते काही ढकलेना. मग चेंडूकडे नुसतं बघितलं तरी दाणा द्यायला सुरुवात केली, मग जवळ गेल्यावर, मग चोच लागल्यावर. काही मिनिटांत काम झालं.

आमच्याकडे भजनाच्या बुवांना हे कोणी शिकवलेलं नाही. पखवाजावर पहिल्यांदा बसलेल्या पोराचा हात नुसता नीट पडला तरी ते ‘हां!’ म्हणतात. आठवड्याने त्या ‘हां’साठी बोल स्वच्छ लागतो, महिन्याने लय. अपेक्षा एवढीशीच वाढते. शाळेत मात्र आपण पहिल्या दिवशी अख्खा अभंग मागतो आणि आला नाही की तोंड फिरवतो.

ऋण प्रबलन म्हणजे शिक्षाच ना?

नाही. दरवर्षी अर्धा वर्ग इथेच चुकतो. लावणीच्या वेळी पावसात इरलं डोक्यावर घेतलं की पाठीवरचा मारा थांबतो, म्हणून पुढच्या वेळी आपण इरलं घेतोच. नको असलेलं दूर झालं आणि वागणं वाढलं: ऋण प्रबलन. शिक्षेने वागणं कमी होतं. ‘ऋण’चा अर्थ वाईट नव्हे, वजा.

गरवायला बसलेला माणूस तासन्‌तास उठत का नाही?

कारण मासा कधी लागेल हे ठरलेलं नाही. चार्ल्स फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ च्या ग्रंथात प्रबलनाच्या वेळापत्रकांचा प्रचंड अभ्यास मांडला. दर दहाव्या वेळेला हमखास मिळत असेल तर मिळाल्यावर प्राणी जरा विसावतो. कधी तिसऱ्या, कधी विसाव्या वेळेला मिळत असेल तर तो थांबतच नाही, आणि मिळणं बंद झालं तरी बराच काळ करत राहतो. गरी टाकून खडकावर बसलेला काका, लॉटरी घेणारा माणूस आणि बोटाने मोबाइलचा पडदा वर सरकवत राहणारी माझी विद्यार्थिनी, तिघंही याच वेळापत्रकावर आहेत. फरक एवढाच की समुद्राने काकाला अडकवायचं ठरवलेलं नसतं.

‘बाई, मोबाइल दिल्याशिवाय झील जेवणा नाय, काय करूचा?’

झील म्हणजे मुलगा. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आलाय, त्यामुळे सविस्तर लिहिते.

पोर रडतं, मोबाइल मिळतो. म्हणजे रडण्याला प्रबलन. इथवर सगळ्यांच्या लक्षात येतं. दुसरी बाजू दिसत नाही: मोबाइल दिला की रडणं थांबतं, म्हणून आईच्या देण्यालाही प्रबलन मिळतं, वर सांगितलेलं ऋण प्रबलन. पोर आईला शिकवतंय आणि आई पोराला. यात कोणी मुळात हट्टी नाही आणि कोणी वाईट आईही नाही. दिवसभर काजूच्या कारखान्यात उभं राहून आलेल्या बाईला ती पाच मिनिटांची शांतता किती हवी असते हे मी जाणते.

मोबाइल बंद केला की पहिले काही दिवस रडणं कमी होणार नाही, वाढेल. हे अपेक्षितच आहे, विलोपनाच्या सुरुवातीला असा उसळा येतो. सगळा घात इथेच होतो. दहा मिनिटं टिकून अकराव्या मिनिटाला दिलात, तर पोर काय शिकलं? अकरा मिनिटं रडायचं. त्यात देणं कधी तर न देणं कधी झालं, म्हणजे गरीवरच्या माशाचं वेळापत्रक झालं, सगळ्यात चिवट. म्हणून ठरवायचं असेल तर घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा. आईने नाही म्हटलं आणि आजीने पदराआडून दिला, तर न ठरवलेलं बरं.

नुसतं काढून घेऊ नका, जागी काहीतरी द्या. घास घेतल्यावर तुमची नजर, तुमचं बोलणं, सगळ्यांबरोबर पंक्तीला बसणं. बऱ्याच घरांत पोर रडलं तरच त्याच्याकडे बघितलं जातं, शांत जेवत असेल तर कोणी बघत नाही. आणि मूल खरंच जेवत नसेल, वजन घटत असेल, तर आधी डॉक्टर, मग हे सगळं.

शिक्षेशिवाय मुलं शिकतात का? ‘छडी लागे छमछम’ उगाच म्हणतात का?

मी तिसरीत होते. पाढे म्हणायला उभं करायचे आणि चुकलं की बोटांच्या पेरांवर लाकडी पट्टी. तेराचा पाढा मला घरी यायचा. शाळेत गुरुजींनी टेबलाचा खण उघडला की त्याचा एक कर्र आवाज व्हायचा, पट्टी तिथे असायची, आणि त्या आवाजासरशी तेरा चोक काय हे डोक्यातून निघून जायचं. काही दिवसांनी गणिताच्या तासाच्या आधी पोटात दुखू लागलं. खोटं नव्हतं, खरंच दुखायचं. आई घरी ठेवायची आणि दुखणं थांबायचं.

अभ्यासाला लागल्यावर मला हे सगळं पुन्हा दिसलं. खणाचा आवाज हा पावलॉव्ह. घरी राहिल्यावर भीती टळणं, त्यामुळे पोटदुखी पक्की होणं, हा स्किनर. त्या पट्टीने मला तेराचा पाढा शिकवला नाही, शाळा टाळायला शिकवलं. मी वर्षभर ‘मुळातच गणितात कच्ची’ होते.

स्किनर आयुष्यभर शिक्षेच्या विरोधात होता. १९३८ च्या पुस्तकात त्याने दाखवलं की खटका दाबणाऱ्या उंदराच्या पंजांवर फटका बसू लागला की दाबणं तेवढ्यापुरतं दबतं, पण पुढे एकूण दाबणं तेवढंच भरतं. पुढच्या संशोधनात असंही दिसलं की तीव्र आणि न चुकता होणारी शिक्षा वागणं थांबवू शकते, हे मी लपवत नाही. पण काय करावं हे ती शिकवत नाही, आणि भीती मागे ठेवते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या १७ व्या कलमाने शाळेत मारण्याला आणि मानसिक छळाला बंदी आहेच.

बक्षिसं देऊन मुलं लाचावत नाहीत का?

शंका रास्त आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं. नंतर मोकळ्या वेळेत त्याच मुलांचं चित्र काढणं कमी झालं. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं झालं नाही. तेव्हा जे मूल आपणहून करतंय त्यावर चॉकलेट टांगू नका. जे अजिबात सुरूच होत नाही, तिथे सुरुवातीपुरतं काही ठेवायला हरकत नाही.

वर्तनवादी मन मानतच नाहीत का?

सगळ्यांना एका माळेत ओवू नका. वॉटसनला मन शास्त्राच्या बाहेर हवं होतं. स्किनर म्हणायचा, विचार आणि भावना असतात, पण तीही वर्तनंच आहेत, त्वचेच्या आत घडणारी. ती वागण्याचं कारण नाहीत, त्यांचीच कारणं शोधा. क्लार्क हल या आणखी एका वर्तनवाद्याने शिकण्याची गणिती सूत्रं मांडायचा खटाटोप केला. त्याचा एके काळी मोठा दबदबा होता, आता इतिहासापुरता उरलाय.

एडवर्ड टोलमन स्वतः वर्तनवादी, आणि त्यानेच भिंतीला भोक पाडलं. १९३० मध्ये त्याने आणि हॉनझिकने उंदरांचा एक गट दहा दिवस चक्रव्यूहात नुसता फिरू दिला, खाणं नाही. अकराव्या दिवशी खाणं ठेवलं, आणि लगेच दुसऱ्या दिवशी ते पहिल्यापासून खाणं मिळणाऱ्या उंदरांच्या तोडीने धावले. म्हणजे बक्षिसाशिवाय शिकणं आत चाललेलंच होतं. चाकरमान्यांची पोरं मे महिन्यात वाडीतल्या पाणंदींतून उगाच हिंडतात. आठ दिवसांनी कोणी सांगितलं की वेताळाच्या देवळामागे करवंदं पिकलीत, की न विचारता जवळच्या वाटेने पोचतात. टोलमनने १९४८ मध्ये याला डोक्यातला नकाशा म्हटलं.

वर्तनवाद मोडीत निघाला असं सर म्हणाले. खरं का?

त्याची एकट्याची सत्ता गेली, तो गेला नाही.

धक्के घरातूनच बसले. स्किनरचेच विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड जाहिरातींसाठी प्राणी शिकवायचे. १९६१ मध्ये त्यांनी लिहिलं की रॅकूनला डब्यात नाणी टाकायला शिकवलं तर ते नाणी सोडेना, अन्न चोळावं तशी एकमेकांवर चोळत बसलं, मग खाणं मिळालं नाही तरी. जातीचा स्वभाव वर आला. जॉन गार्सियाने दाखवलं की मळमळ चवीशी जोडली जाते, उजेडाशी किंवा आवाजाशी नाही, आणि मधे तास गेले तरी जोडली जाते. एकदा बाधलेल्या तिसऱ्यांचा, म्हणजे शिंपल्यांचा, वास ज्याला वर्षानुवर्षं सोसत नाही त्याला हे वेगळं सांगायला नको. त्या जेवणाच्या वेळी रेडिओवर लागलेलं गाणं मात्र त्याला सोसतं.

१९५९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीने स्किनरच्या भाषेवरच्या पुस्तकाचं कडक परीक्षण लिहिलं. मूल कधी न ऐकलेली वाक्यं बोलतं, ती कुठून आली? आपलं बाळ ‘मी करलं’ म्हणतं. घरात कोणीही ‘करलं’ म्हणत नाही, सगळे ‘केलं’ म्हणतात. त्याने आतल्या आत नियम काढलाय. आणि अल्बर्ट बंडुराने १९६१ च्या बाहुलीच्या प्रयोगात दाखवलं की स्वतःला बक्षीस न मिळता, नुसतं मोठ्यांचं मारणं बघूनही मुलं मारायला शिकतात.

माझं मत असं की ‘मुळातच’ला वर्तनवादाचं उत्तर अर्धं आहे. मूल कोरी पाटी नाही. पण जे अर्ध आपल्या हातात आहे, त्याबद्दल इतकं नेमकं दुसऱ्या कोणी सांगितलेलं नाही.

स्किनरने मुलीला पेटीत कोंडून वाढवलं आणि ती वेडी झाली, हे खरं?

धादांत खोटं. ती काचेची खिडकी असलेली, ऊबदार हवेची पाळण्यासारखी खोली होती, थंडीत बाळाला कपड्यांच्या थरांत गुंडाळावं लागू नये म्हणून. मुलगी देबोरा चित्रकार झाली, आणि २००४ मध्ये तिने स्वतः वर्तमानपत्रात लिहून ही अफवा खोडून काढली.

अंधश्रद्धेवरचा कबुतरांचा प्रयोग काय आहे?

१९४८ साली स्किनरने आठ कबुतरांना, ती काहीही करोत, ठरावीक वेळाने दाणे दिले. दाणा पडताना जे चाललं होतं तेच कबूतर पुन्हा करू लागलं, एक गोल फिरायचं, एक मान झटकायचं. आठांपैकी सहांत हे स्पष्ट दिसलं. सामना जिंकल्या दिवशीचा शर्ट न धुता घालणारा आमच्या वाडीचा फलंदाज इथे आठवतो. पुढे इतर संशोधकांनी यातल्या बऱ्याच हालचाली भुकेल्या पक्ष्याच्या नैसर्गिकच असतात असं दाखवलं, तेव्हा जपून वापरा. आणि गावच्या गाऱ्हाण्याला, म्हणजे सगळ्यांनी मिळून देवाला घातलेल्या साकड्याला, या कबुतरांच्या रांगेत बसवू नका. त्यात माणसांचं एकत्र येणं आहे, ते या प्रयोगात मावत नाही.

आंब्याच्या बागेतली माकडं फटाक्यांना पंधरा दिवसांत का भीक घालत नाहीत?

आवाज होतो, पुढे काहीच होत नाही, म्हणून. याला सरावणं म्हणतात, शिकण्याचा सगळ्यात साधा प्रकार. बुजगावण्याचंही तेच. जागा, वेळ आणि आवाज बदलत राहिलात तर थोडं जास्त टिकतं, इतकंच.

वर्तन उपचारांची मदत कुठे मिळेल?

भीती, मंत्रचळ, अंथरूण ओलं करणं, व्यसन यांवर वर्तनवादातून आलेले उपचार आजही वापरले जातात, बहुतेकदा विचारांवरच्या कामासोबत. स्वमग्न मुलांसाठीही अशा पद्धती आहेत. त्यांच्या जुन्या रूपात शिक्षाही वापरली जायची, आणि मोठ्या झालेल्या स्वमग्न व्यक्तींनीच त्यावर कडक टीका केली आहे. म्हणून शिकवणाऱ्याला आधी विचारा की मूल रडलं तर तुम्ही काय करता. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालयांत विचारता येतं, आणि टेली मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

घरी सुरुवात कशी करू?

वही घ्या. तीन रकाने आखा: आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, लगेच नंतर काय झालं. आठ दिवस काहीही बदलू नका, फक्त लिहा. ‘हट्ट केला’ असं लिहू नका, ‘जमिनीवर बसून पाय आपटले, चार मिनिटं’ असं लिहा.

एक आई अशी वही घेऊन पडवीत आली होती. मुलगी ‘मुळातच रडकी’ अशी तक्रार. तिने वही उघडली आणि माझ्यापुढे धरायच्या आधी स्वतःच थांबली. अकरा नोंदी होत्या, त्यातल्या नऊ संध्याकाळी सहा ते सातमधल्या. पहिल्या रकान्यात नऊही वेळा जवळपास तेच: ‘मी मागच्या दारी मासे साफ करत होते, दार लावून घेतलं होतं, मांजर आत येते म्हणून.’ तिसऱ्या रकान्यात: ‘हात धुऊन उचलून घेतलं.’ तिने बोट त्या ओळींवरून दोनदा फिरवलं आणि विचारलं, ‘बाई, दार उघडं ठेवून तिला बाजूला पाटावर बसवली तर?’